डब्यातलं जिनिंग

आधीच सांगते, या सदरातल्या अनुभवांखाली सगळ्यात तिरकस प्रतिक्रिया लिहिणारी ती मीच. "पुरावा द्या", "मांजर असेल", "त्या दिवशी काय जेवला होतात?" हे सगळं माझं. आदिलाबादच्या बसस्टँडवर उभं राहून मी बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटलेली आहेत. अंगात आलेल्या एका बाईला चारचौघांत "ताई, आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या" असं सांगून मार खाता खाता वाचलेही आहे. त्यामुळे आता मी जे लिहिणार आहे ते वाचून तुम्ही हसलात तर तो तुमचा हक्क आहे. तुमच्या जागी मी हसलेच असते.

मुलीचं आणि तिच्या घरच्यांचं नाव बदललं आहे. गावांची नावं देत नाही, केस कोर्टात आहे. बाकी जसं घडलं तसं.

आमची पाच जणींची एक संघटना आहे. एक खोली, एक स्कूटी, आणि काम एकच — बायकापोरींची विक्री थांबवणं. हो, विक्री. गुलामगिरी संपली असं शाळेच्या पुस्तकात वाचून आपण पान उलटतो. कुठे संपली? तिला फक्त मुंडावळ्या बांधल्यात. लांबच्या राज्यातून नवरा येतो, हार घातले जातात, फोटो निघतो, आणि त्या फोटोच्या जोरावर एक जिवंत माणूस जन्मभरासाठी कोणाच्या तरी शेतात आणि घरात जुंपलं जातं. बाहेर जायचं नाही, फोन नाही, स्वतःचं नावसुद्धा नाही. किती रुपयांत, ते मला ठाऊक आहे पण लिहिणार नाही. माणसाचा भाव सांगितला की वाचणारा तेवढा भावच लक्षात ठेवतो.

रंजना एकोणीस वर्षांची. बेला मंडलातलं, म्हणजे तालुक्यातलं गाव, पैनगंगेच्या अलीकडचं. नदी ओलांडली की महाराष्ट्र. वडील नाहीत. घरात आई शेवंताबाई आणि आत्या इंदूबाई. चैत्रात स्थळ आलं. स्थळ आणणारी बाई शेजारच्याच गावची, रंजनाच्या बारशाला जेवून गेलेली. पाहुणे जीपने आले, मारुतीच्या देवळात दोन तासांत लग्न लागलं, आणि दिवस मावळायच्या आत जीप गेलीसुद्धा. गाव कुठलं, तर "लय दूर, रेल्वेनं जा लागते." पंधरा दिवस फोन लागला. "मी बरी हाय, मी बरी हाय" एवढंच... शेजारी कोणीतरी बसलेलं असावं तसं. मग तोही बंद.

इथे माझी एक चूक सांगायलाच हवी. त्या गावात आमचं पत्रक आधीच पोचलं होतं. मीच लिहिलं होतं: "अनोळखी माणसांपासून सावध राहा." शेवंताबाईंच्या घरात ते भिंतीला डकवलेलं होतं, त्यांनी कोणाकडून तरी वाचूनही घेतलं होतं.

"म्या ध्यानात ठेवलं होतं ना व ताई," त्या मला म्हणाल्या. "पण थे बाई अनोळखी कुठं होती?"

विकणारे नेहमी ओळखीचेच असतात, हे मला माहीत होतं. मी ते लिहिलं नव्हतं. छापायला छान वाटलं ते लिहिलं होतं.

ठाण्यात एसआय साहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, लग्नाचा फोटो टेबलावर सरळ करून ठेवला. "मॅडम, शादी हुई है. हार है, फोटो है, माँ खुद बाजू में खडी है. फिर कायका केस?"

मी तीन महिने त्यांच्या डोक्यावर बसले. त्या बाईने याआधी जमवलेल्या लग्नांचा माग काढत काढत आम्ही चार गावं शोधली, जिथे तिने मुली दिल्या होत्या. दोन राजस्थानात, एक गुजरातेत, एक मध्य प्रदेशात. शेवटी साहेब थोडे नरमले. आमच्याबरोबर नकाशा घेऊन बसले आणि एकच गोष्ट बोलले, जी खरी होती:

"टीम एकच बार मिलेगी. गलत गाव में गए, तो बाकी तीन को फोन चला जाएगा, और लडकी को ऐसा गायब करेंगे के फिर कभी नहीं मिलेगी. चार में से एक बोलो. पक्का बोलो."

चार गावं. एकच खेप. आणि माझ्याकडे पक्कं असं काहीही नव्हतं.

अशात भुलाबाई आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या सीमेवरच्या गावांत पोरी मातीची भुलाबाई मांडतात, ज्वारीच्या धांड्यांचा मखर करतात, दिवेलागणीला घरोघर जाऊन गाणी म्हणतात. गाणी झाली की खाऊ. पण खाऊ असा हातात मिळत नाही. घरची बाई झाकणबंद डबा आणते आणि पोरींच्या कानाशी वाजवते. आत काय आहे ते आवाजावरून ओळखायचं. जी ओळखेल तिचा पुढचा डाव, म्हणजे पुढचा डबा तिने वाजवायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचं.

रंजना यात अख्ख्या गावात पहिली. डबा एकदा हलवला की फुटाणे की शेंगदाणे, शेंगदाणे तर सालासकट की सोललेले, हे सांगायची. घरोघरच्या बाया तिला घरात घ्यायला भ्यायच्या, कारण डबा लगेच उघडावा लागायचा आणि खाऊ संपायचा.

मी त्या संध्याकाळी तिथे गेले ती भक्तीने नाही. वीस-पंचवीस पोरी एका जागी मिळतात, पत्रक वाचून दाखवता येतं, म्हणून गेले. नवं पत्रक होतं, "ओळखीच्या माणसांपासूनही" असलेलं. शेवंताबाईंनी यंदाही भुलाबाई मांडली होती. गाणी झाली. त्यांनी डबा आणून वाजवला.

"मुरमुरे!" पोरी ओरडल्या.

"नाही."

"पोहे! चिवडा!"

"नाही व."

आणि मखराच्या बाजूने, जिथे कोणी बसलेलं नव्हतं तिथून, एक आवाज आला. हसरा, थोडा धापा टाकणारा.

"मुरमुरे काय व, लाह्या हाय. ज्वारीच्या. अन् खाली गुळाचा खडा."

शेवंताबाईंनी झाकण उघडलं. ज्वारीच्या लाह्या. तळाशी गुळाचा एक खडा, जो त्यांनी कोणाला न सांगता टाकला होता. रंजनाला आवडायचा म्हणून.

एक म्हातारी कपाळावर हात मारून रडायला लागली, "मेली वो माय, पोरगी मेली!" शेवंताबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की ती गप्पच झाली.

"मेली असती तं घास मांगायले आली असती," त्या म्हणाल्या. "हे तं खाऊ ओळखून राह्यली."

मी उठले. घराच्या मागे जाऊन पाहिलं, मखर हलवून पाहिला, पोरींचे सगळे फोन — दोनच होते — तपासले. कोणीतरी नक्कल करतंय अशी माझी खात्री होती, आणि मला भयंकर राग आला होता. एका आईच्या जिवाशी असा खेळ? मी पोरींना झापलं. एक-दोन रडल्या. त्यांची माफी मी नंतर मागितली आहे.

दुसऱ्या दिवशी मी माझा डबा घेऊन गेले. आदिलाबादहून, घरी भरलेला, झाकणावर चिकटपट्टी लावलेला. आत काय आहे हे मी सोडून कोणाला माहीत नव्हतं. गाणी झाली. मी डबा वाजवला. आवाजच आला नाही.

"रिकामा हाय!" पोरी हसायला लागल्या. "ताई, डबा भरायचा ईसरल्या तुमी!"

मी थांबले. एक श्वास, दोन श्वास... काही नाही. चला, म्हटलं, संपलं थोतांड.

"रिकामा नाही," मखराच्या बाजूने आवाज आला. "कागद हाय. घडी घातलेले." मग जरा थांबून, वैतागून, "हे कोण व फसवी? खाऊच्या डब्यात कागद आणते काय कोणी?"

डब्यात माझी पत्रकं होती. दहा. घडी घातलेली.

मी खोटं लिहीत नाही. मी डबा इंदूआत्याकडे दिला, चिकटपट्टी तिने काढली. पोरींमधून भीतीने एक किंकाळी आली, आणि लगेच कोणीतरी खुदकन हसलं, कारण शहरातल्या ताईला आज बरोबर बोलणी बसली होती.

इंदूआत्याने मात्र पत्रकं बाजूला ठेवली, रिकामा डबा भुलाबाईपुढे ठेवला, झाकण लावलं आणि अगदी रोजच्यासारखं म्हणाली, "वळखलं ना तिनं? मंग डाव तिचा."

शेवंताबाई पुढे सरकल्या. "रंजे," त्या म्हणाल्या, "तुहा डाव हाय. वाजव. आमी वळखतो."

डब्याला कोणाचा हात लागलेला नव्हता. मी समोर, हातभर अंतरावर. आणि डब्यातून आवाज यायला लागला. आधी बारीक घरघर, मग तिच्यात खटखट, खटखट... एका लयीत, न थांबता.

पोरी क्षणभर घाबरल्या, आणि मग — मला याचं आजही नवल वाटतं — खेळायला लागल्या. डाव तो डाव.

"पिठाची गिरणी!"

"ट्रॅक्टर!"

"मोटर हाय व, हिरीवरची!"

डबा वाजतच राहिला. म्हणजे चूक.

"थांबा साऱ्या," इंदूआत्या म्हणाली. तिने डब्याशी कान नेला. इंदूआत्याने आदिलाबादच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करून रुई काढण्याच्या कारखान्यात, चौदा हंगाम काढलेत. तिचा डावा कान त्यातच थोडा अधू झाला आहे. उजवा तिने डब्याला लावला.

"जिनिंग हाय," ती म्हणाली. "रोलरचं. मोठं नाही, दहा-बारा मशिनी असतीन. अन् एक मशीन मधातच अटकते... आयका. आता. हे अटकलं. कोणी तेल देऊन नाही राह्यलं तिले."

डबा थांबला.

ओळखलं होतं.

मला पहिला विचार आला तो असा: कुठल्या तरी जवळच्या जिनिंगचा आवाज वाऱ्यावर येत असेल. आणि दुसऱ्या क्षणी लक्षात आलं, ते शक्यच नाही. आमच्याकडची जिनिंग दिवाळीनंतर सुरू होतात. तेव्हा शेतात बोंडं नुकती तडकायला लागली होती, एका घरात किलोभर कापूस आला नव्हता. अख्ख्या जिल्ह्यात एक मशीन चालू नव्हतं.

मग आश्विनात जिनिंग कुठे चालू असतं? जिथे कापूस आधी येतो. जिथे पाणी देऊन उन्हाळ्यातच लावतात. माझी चार गावं मला तोंडपाठ होती. राजस्थानातली दोन्ही वाळूतली, बाजरीची. गुजरातेतलं मिठागरांशेजारचं. आणि चौथं, मध्य प्रदेशातलं, नर्मदेकडचं. बागायती कापसाचं.

मी अंगणात जाऊन तिकडच्या ओळखीच्या एका कार्यकर्त्याला फोन लावला. "उस गाव में जिनिंग है क्या?"

"गाव से लगके ही है," तो म्हणाला. "पंधरा दिन हुए, चालू है. क्यों?"

क्यों, ते मी त्याला सांगितलं नाही.

फोनवर मी त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग केलं होतं. ते आजही आहे. त्यात पोरी ओरडतात, "गिरणी!" "ट्रॅक्टर!" इंदूआत्या म्हणते, "जिनिंग हाय." मध्ये सगळी शांतता. मशीनचा आवाज त्यात नाही. रंजनाचाही नाही. फक्त प्रश्नाशिवायची उत्तरं.

आता ठाण्यात काय सांगायचं? जन्मभर लोकांकडे पुरावा मागणाऱ्या मी साहेबांपुढे कागदावर लिहिलं: "माहितीचा स्रोत — जिनिंगचा चौदा हंगामांचा अनुभव असलेली स्थानिक कामगार." यात एकही शब्द खोटा नाही. साहेबांनी दोनदा वाचलं.

"पक्का?"

"पक्का," मी म्हणाले. चुकलं असतं तर ती पोरगी माझ्यामुळे कायमची गेली असती. एका डब्याच्या भरवशावर.

टीममध्ये एसआय साहेब, दोन कॉन्स्टेबल, एक महिला कॉन्स्टेबल, मी आणि इंदूआत्या. शेवंताबाई आल्या नाहीत. "मी आली तं इथं डबा कोण वाजवीन?" त्या म्हणाल्या. "थे एकटी पडन ना तिकडं."

तिथल्या पोलिसांना घेऊन आम्ही गावात शिरलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन. गल्लीच्या तोंडाशी इंदूआत्या थांबली. जिनिंगची खटखट येत होती. ती उजवा कान त्या बाजूला करून उभी राहिली. साहेब चुळबुळ करायला लागले.

"आत्या, चला ना," मी म्हणाले.

"चूप व." मग तिने माझा दंड धरला. "अटकलं. आयकलं काय? हेच थे मशीन."

जिनिंगच्या भिंतीला लागून तीन घरं होती. दुसऱ्या घराच्या ओट्यावर बसलेल्या बाईने — रंजनाची सासू ती — पोलीस पाहून लगेच सांगायला सुरुवात केली. "बहू है हमारी, पूजा. शादी का फोटो है. दिमाग की थोडी कमजोर है साब, अकेले में बोलती रहती है. शाम को तो रोज."

इंदूआत्या पुढे झाली. तिचं हिंदी म्हणजे मराठीला घातलेली टोपी. "अकेले में नहीं बोलती वो," ती म्हणाली. "हमारे से बोलती."

आतून एक मुलगी बाहेर आली. निम्मी झालेली, डोक्यावर पदर नाकापर्यंत ओढलेला. महिला कॉन्स्टेबलने विचारलं, "नाम क्या है तेरा?" सासू म्हणाली, "पूजा." मुलीने पदर मागे ढकलला आणि इतक्या मोठ्याने बोलली की जिनिंगच्या फाटकातले हमाल बाहेर येऊन बघायला लागले. स्वतःचं नाव, आईचं नाव, गाव, मंडल बेला, जिल्हा आदिलाबाद, तेलंगणा. शाळेत हजेरीला उभं राहून सांगावं तसं. सहा महिने ते नाव तिला कोणी उच्चारू दिलं नव्हतं.

मग ती इंदूआत्याच्या गळ्यात पडेल असं मला वाटलं. ती पडली नाही. म्हणाली, "आत्या, थांब. एकटी नाही येत मी." आणि सरळ तिसऱ्या घरात शिरली, पोलिसांच्या आधी. हाताला धरून दोघींना बाहेर घेऊन आली. एक ओडिशाची, एक झारखंडची. त्यांच्या घरचे लोक पुढे सरसावले तेव्हा आमचे एसआय साहेब — तेच, "शादी हुई है" वाले — मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "फोटो मेरे को मत दिखाओ. मैंने बहुत देखे."

एकीला आणायला गेलो होतो, तिघी जीपमध्ये बसल्या.

वाटेत मी रंजनाला विचारलं. विचारायला मला चार तास लागले. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "संध्याकाळी डबा आयकू यायचा. माहीत होतं का खरं नाही, पण वळखल्याबिगर राहवत नव्हतं ना. जोरात बोलली का मार बसे." मग माझ्याकडे वळून, "माय म्हणे तुहा डाव हाय, वाजव. माह्यापाशी काय होतं व ताई? ना डबा, ना खाऊ. दिसभर कानात थे एकच मशीन. मंग थेच वाजवलं."

गावात पोचलो तेव्हा कोजागिरी होऊन चार दिवस झाले होते. शेवंताबाईंनी भुलाबाई बोळवली नव्हती. गावानेही बोळवली नव्हती. त्या दुपारी डफ वाजवत अख्खं गाव पैनगंगेवर गेलं. पुढे रंजना, तिच्या दोन्ही बाजूंना त्या दोघी, ज्यांना गाण्यांतला एक शब्द कळत नव्हता आणि ज्या सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होत्या. सोयरीक जमवणाऱ्या बाईला तिसऱ्या दिवशी बेल्याच्या आठवडी बाजारात पकडलं, भाजी घेत असताना. या वेळी एफआयआरमध्ये लग्न हा शब्द नाही. मानवी तस्करीचं कलम आहे.

आता स्पष्टीकरण. माझ्याकडे नाही. एका डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले सामूहिक भास. असेल. पण पंचवीस पोरींच्या भासाला नर्मदेकाठचं एक न तेल दिलेलं मशीन कसं कळलं, हे त्यांनाही सांगता येईना. मी भुताखेतांवर आजही विश्वास ठेवत नाही, आणि या सदरातल्या पुढच्या अनुभवाखालीही मी पुरावाच मागणार आहे. फक्त एवढं कबूल करते की या एका संध्याकाळपुढे माझं सगळं डोकं चालवूनही मी तिथेच उभी आहे.

आणि एक लाज वाटते ती लिहून टाकते. हे घडल्यापासून आमच्या खोलीवर आया येतात, पोरीचा फोटो घेऊन, आणि हळूच विचारतात, "तुमच्या इथं आवाज येते म्हणे?" मला त्यांच्यावर नाही, आपल्या सगळ्यांवर राग येतो. जे काम पहिल्याच दिवशी घेतलेल्या एका तक्रारीने झालं असतं, त्यासाठी असं काही घडावं लागलं. प्रत्येकीच्या वाट्याला ते येणार नाही. मी त्यांना ठाण्यात घेऊन जाते. आता रंजनाही येते बरोबर.

सोमवारी कोर्टात तिची साक्ष आहे. मी तिच्यासाठी मुद्दे काढले होते, दोन पानं, क्रमवार, पत्रकासारखे. तिने ती वाचली, घडी घातली आणि मला परत दिली.

"ताई," ती म्हणाली, "तुमी मांगं बसजा. मी बोलीन."